दाराशी वाट पाहणारं कोणीतरी

या खेपेला टपालात एक चार पानी पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण तालुक्याच्या गावात राहते. यजमानांची नोकरी परगावी. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जातात. मुलगा पुण्याला शिकायला. घरात ही आणि सासूबाई. तीन महिन्यांपूर्वी मागच्या बोळातल्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यांतलं एक हिनं घरी आणलं. नाव ठेवलं मोती. आता तो पाच महिन्यांचा झालाय.

पत्राची सुरुवात थट्टेची आहे. ती लिहिते, “भाजी घेऊन दहा मिनिटांत परत आले तरी मोती वर्षानं भेटल्यासारखा अंगावर झेपावतो. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी माहेराहून महिन्यानं परत आले तरी हे पेपरातून मान वर करून ‘आलीस?’ एवढंच म्हणतात. आता तुम्हीच सांगा, जीव कोणावर लावायचा?”

वाचताना मला हसू आलं, तुम्हांलाही आलं असेल. पण शेवटच्या पानावर हसू मावळलं. “मी घराबाहेर पडले की तो रडून आळी डोक्यावर घेतो. म्हणून भिशी सोडली. दुपारच्या शिवणवर्गाला शिकवायला जात होते, तेही बंद केलं. भावाच्या घराची वास्तुशांत झाली, गेले नाही. परवा हे म्हणाले, ‘मी की मोती, एकदा काय ते ठरव.’ खरं सांगू? मला उत्तर द्यायला वेळ लागला.”

या शेवटच्या वाक्यासाठीच आजचं सदर मोतीला दिलंय.

‘नवऱ्यापेक्षा कुत्रा बरा’ हे वाक्य हळदीकुंकवाला, लग्नाच्या जेवणावळीत आपण सगळ्यांनी ऐकलंय. पुरुषांच्या बैठकीत ते उलट्या बाजूनं म्हणतात, ‘कुत्रा निदान उलट उत्तर तरी देत नाही.’ दोन्हीकडे हशा होतो. मला मात्र या तुलनेतच काहीतरी खोटं आहे असं वाटत आलंय. कुत्र्याची निष्ठा हे माप एकदा हातात घेतलं की त्यानं घरातलं कुठलंच माणूस पुरं भरत नाही, आणि बायको तर नाहीच नाही.

महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व आठवा. पाच पांडव, द्रौपदी आणि त्यांच्यामागं चालत आलेला एक कुत्रा. वाटेत सगळ्यांत आधी द्रौपदी पडते. भीम विचारतो, ही का पडली? धर्मराज सांगतो, तिचं अर्जुनाकडे झुकतं माप होतं म्हणून. आणि मागं वळून न पाहता पुढं चालू लागतो. शेवटी इंद्राचा रथ येतो, तेव्हा मात्र हाच धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला तयार होत नाही. इंद्र त्याला तोंडावर विचारतो, भावांना आणि द्रौपदीला टाकलंस, मग याला टाकायला काय हरकत आहे? तो म्हणतो, ते मेले होते, त्यांना मी उठवू शकत नव्हतो; जिवंतपणी मी त्यांना टाकलं नाही. उत्तर शास्त्राला धरून असेलही. पण कीर्तनात ही कथा ऐकताना बायकांच्या बाजूला जी शांतता पसरते, ती काही फक्त भक्तीची नसते.

जपानची गोष्टही अशीच आहे. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर आपल्या धन्याची वाट पाहणारा हाचिको जगभर माहीत आहे. प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो १९२५ साली विद्यापीठातच वारले, आणि हाचिको पुढं जवळजवळ दहा वर्षं, १९३५ च्या मार्चमध्ये मरेपर्यंत, त्या स्टेशनवर येत राहिला. तो जिवंत असतानाच, १९३४ साली, त्याचा पुतळा उभा राहिला. आता सांगा, प्राध्यापकांबरोबर संसार केलेल्या बाईचं नाव किती जणींना ठाऊक आहे? तिचं नाव याएको साकानो. दोघांच्या लग्नाची कायदेशीर नोंद नव्हती. ती १९६१ साली गेली. तिच्या अस्थी त्यांच्या समाधीशेजारी ठेवायला २०१६ साल उजाडलं. कुत्र्याच्या वाट पाहण्याचा पुतळा झाला. तिनं छत्तीस वर्षं काढली, ती कुणी मोजली नाहीत.

यात हाचिकोचा काही दोष नाही, आणि आपल्या मोतीचाही नाही. कुत्र्याचं प्रेम खरंच असतं. फक्त ते कुठल्या जातीचं प्रेम आहे हे समजून घ्यायला हवं. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षभराच्या मुलांसाठी एक चाचणी असते: अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, मूल काय करतं ते पाहतात. तीच चाचणी त्यांनी कुत्रे आणि त्यांचे धनी यांच्यावर केली. कुत्रे पुष्कळसे त्या मुलांसारखेच वागले: धनी जवळ असला की खोलीत हिंडून वास घेणं, खेळणं, तो गेला की दाराशी. २०१५ साली जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याला पाळणारं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यातल्या ओढीशी जोडलेलं द्रव्य ते हेच.

म्हणजे मोती तुमच्यावर जीव टाकतो तो लेकरासारखा. तुम्ही त्याचं जेवण, त्याचं दार, त्याचं सगळं जग आहात. तुमचं त्याच्यावर प्रेम असणं चूक आहे का, असं पत्रात विचारलंय. मुळीच नाही. पण लेकराचं प्रेम नवऱ्याच्या जागी बसवलं तर दोघांवरही अन्याय होतो, हे आपण मुलांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. नवऱ्याशी अबोला धरून सगळा जीव मुलात गुंतवलेल्या आया आपल्या ओळखीच्या आहेत, आणि पुढं त्यांच्या सुनांनी काय भोगलं तेही.

‘आलीस?’ एवढंच म्हणणाऱ्या नवऱ्याची तक्रार मला खरी वाटते. त्याची बाजू मी घेणार नाही. पण ती तक्रार मोतीच्या कानात सांगून भागत नाही, ती ज्याची त्याला सांगावी लागते. मोती ऐकून घेईल, हात चाटेल, पण ‘तुझं चुकतंय’ असं म्हणणार नाही, आणि ‘माझं चुकलं’ असंही म्हणणार नाही. ही दोन वाक्यं माणसाकडूनच मिळतात. कधीकधी फार उशिरा मिळतात, हेही कबूल.

एक जुना विनोद इथं येणार, म्हणून आधीच त्याचा समाचार घेते: ‘कुत्र्याला जसं वळण लावतात तसं नवऱ्यालाही लावावं.’ नको. कुत्रा बिस्किटाच्या तुकड्यावर शिकतो, कारण त्याचं पोट आपल्या हातात असतं. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी साडी आणून विषय मिटवणारे नवरे आपल्याला आवडतात का? साडी आवडते, ते वेगळं.

आता मोतीचं रडणं. या मैत्रिणीच्या संसारातली निम्मी कोंडी या एका गोष्टीनं झाली आहे, आणि ही गोष्ट शिकवता येण्यासारखी आहे.

घरात सासूबाई असूनही मोती एकटा पडल्यासारखा रडतो, याचं कारण पत्रातच आहे. सासूबाई सोवळ्याच्या, त्या त्याला जवळ येऊ देत नाहीत. यजमान आठवड्याचे दोनच दिवस घरी, तेही त्याच्यावर रागावलेले. म्हणजे घरात माणसं असून मोतीला माणूस एकच. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा असतो. या काळात जी माणसं, जे आवाज, ज्या जागा त्याच्या सवयीच्या होतात, त्यांची भीती पुढं वाटत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं, त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. मोतीचा तो काळ सरलाय. म्हणून आता शिकणार नाही असं नाही, वेळ जास्त लागेल इतकंच.

तेव्हा सुरुवात सासूबाईंपासून करा. त्यांनी त्याला शिवायची गरज नाही. संध्याकाळचं त्याचं खाणं त्यांच्या हातून पडू दे, लांबून का होईना. चंपाषष्ठीला खंडोबाच्या कुत्र्यासाठी घास काढतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल; रोज एक घास काढायला त्या नाही म्हणणार नाहीत. (त्या घासात भरीत वाढू नका मात्र. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतो.) आणि रविवारची सकाळची फेरी यजमानांकडे सोपवा. ‘मी की मोती’ असं विचारणाऱ्या माणसानं त्या दाराशी तुमचा उजळलेला चेहरा पाहिलेला असतो, आणि तो आपल्यासाठी नाही हेही त्याला कळलेलं असतं. दोर त्यांच्या हातात आला की निदान भांडणाचा विषय तरी बदलेल.

मग एकटं राहण्याचा अभ्यास. मोतीला आधी फिरवून आणा, खायला घाला, तो थोडा दमलेला असू दे. एका ठरलेल्या कोपऱ्यात त्याचं जुनं पोतं किंवा गोधडी अंथरा, चघळायला काहीतरी द्या. पोकळ रबरी खेळणं मिळतं, त्यात भात आणि उकडलेलं अंडं दाबून भरलं की अर्धा तास जातो. आता खोलीचं दार लोटून बाहेर जा आणि तो रडायच्या आत परत या. पहिल्या दिवशी पाच-दहा सेकंद पुरे. हसू नका, तेवढ्यावरच सगळं उभं आहे. तो रडल्यावर तुम्ही आलात तर रडल्यानं बाई येते हे तो शिकतो. तो गप्प असताना आलात तर बाई आपोआप परत येते हे शिकतो. सेकंदांचं मिनिट करा, मिनिटाची पाच मिनिटं. वेळ रोज वाढवत नेऊ नका. एकदा पाच, मग दोन, मग सात, मग एक, अशी उलटसुलट ठेवा. रडला तर रागावू नका, आपण घाईनं पुढं गेलो असं समजून दोन पायऱ्या मागं या.

बाहेर जाण्याच्या खुणा त्याला पाठ झालेल्या असतात. चपला, पिशवी, कडीचा आवाज. दिवसातून चार वेळा चपला घालून स्वयंपाकघरात जा, पिशवी उचलून पुन्हा खुंटीला लावा. शेजारणी हसतील. आठवड्याभरात मोती चपलांकडे बघायचा बंद होईल.

आणि निघताना त्याला कुरवाळत ‘माझं सोनं ते, मी आत्ता येते हं’ असला निरोपसमारंभ करू नका. आल्यावर तो अंगावर उड्या मारत असेल तर पिशवी ठेवा, हातपाय धुवा, पाणी प्या. त्याचे चारी पाय जमिनीवर टेकले की मग हवं तेवढं लाडावा. हे सर्वांत अवघड आहे, मला ठाऊक आहे; कारण दाराशी होणारं ते स्वागत त्याच्यापेक्षा आपल्याला हवं असतं.

साधारण पिल्लू अशानं काही आठवड्यांत तासा-दोन तासांना तयार होतं. पण लाळ गळणं, दार ओरबाडून नखांतून रक्त काढणं, एकटं असताना अन्नाला तोंडही न लावणं असं असेल तर तो हट्ट नव्हे, ती धास्ती असते. मग जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मारून तर ती कधीच जात नाही.

बाकीच्या वळणाबद्दल थोडक्यात, कारण पिल्लू पाळू पाहणाऱ्या आणखी काही जणींचीही पत्रं आहेत. आईपासून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. ‘लहान आणलं की जास्त लळा लागतो’ हा समज चुकीचा आहे. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकायला लागतं. घरात घाण करणं ही खोडी नव्हे, लहान पिल्लाला धरवतच नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर न्या, दर दोन तासांनी एकदा न्या, आणि बाहेर केल्याबरोबर तिथल्या तिथं शाबासकी आणि घास द्या. घरात येऊन मग दिलेला घास फुकट जातो, त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. तो एक-दोन सेकंदांचा हिशेब आहे. नाक त्या घाणीत घासण्याची जुनी पद्धत आहे ना, तिनं ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं, पलंगाखाली. जागा पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. वास राहिला की पुन्हा तिथंच.

दात येताना ते सगळं चावणारच. दुधाचे अठ्ठावीस दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. मोती सध्या ऐन भरात आहे. चपला वर ठेवा, ओल्या फडक्याला गाठ मारून थंड करून द्या. हात चावला तर ‘आई गं’ म्हणून खेळ थांबवा आणि उठून जा. खेळ थांबणं ही त्याला पुरेशी शिक्षा आहे.

शब्द एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आपल्याकडे एक मौज आहे. घरात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे मराठी बोलतात, पण कुत्र्याशी इंग्रजी! ‘सिट’, ‘कम’, ‘नो’. ‘ये’, ‘थांब’, ‘नको’ हे शब्द कुत्र्याला तितकेच कळतात, आणि सासूबाईंनाही म्हणता येतात. फक्त ‘बस’ शिकवताना जपून. आमच्या ओळखीच्या एका घरात पानावर भात वाढताना आजोबा ‘बस, बस’ म्हणाले की त्यांचा कुत्रा दर वेळी शहाण्यासारखा बसतो आणि बक्षिसाची वाट पाहत आजोबांच्या ताटाकडे बघत राहतो. त्यांनी शेवटी शब्द बदलून ‘खाली’ केला.

खाण्याचं म्हणाल तर सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा थोडं थोडं. नुसतं दूध-पोळी पुरत नाही, बऱ्याच पिल्लांना दुधानं ढाळ होते. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट चुकूनही नको. शिजवलेलं हाडूक नको, त्याच्या कपच्या आतड्याला लागतात.

मोतीच्या लशींचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणून हे मुद्दाम. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायची असते, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. बोळातून आणलेल्या पिल्लाला तर ती हवीच हवी. पाच महिने झाले म्हणून वेळ गेलेली नाही, याच आठवड्यात घेऊन जा. आणि लस न झालेल्या पिल्लाचा खेळतानाही दात लागून ओरखडा उठला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. तडक दवाखान्यात जा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. हल्ली दंडात देतात, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत देण्याची पद्धत असेल तर चौदाव्या दिवसाचं नसतं. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. रेबीज एकदा जडला की त्यावर इलाज नाही, म्हणून यात संकोच नको.

राहता राहिला यजमानांचा प्रश्न. मैत्रिणी, उत्तर द्यायला तुम्हांला वेळ लागला हे त्यांना एकदा जसंच्या तसं सांगा. शनिवारी नको, ते प्रवासानं दमून आलेले असतात. रविवारी सकाळी मोतीला फिरवून आणल्यावर, चहाच्या वेळी. ‘तुम्ही मला दाराशी काय म्हणता ते आठवून पाहा’ एवढं म्हटलंत तरी चालेल. ते काय उत्तर देतील ते मी इथं बसून सांगू शकत नाही.

शिवणवर्गाच्या बाईंना मात्र आजच निरोप धाडा की महिन्याभरात पुन्हा येते. मुदत ठरली की अभ्यासाला नेट येतो. भिशीसाठी मोतीला निदान दीड तास राहता यायला हवं, त्यामुळं ती दुसऱ्या महिन्यात. दार लोटल्यावर तो किती मिनिटं गप्प राहिला ते वहीत मांडत जा, आणि पुढच्या पत्रात कळवा.